मागच्या चाकांचे शरदराव

माणूस भेटला की आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. आमच्या समोरच्या दारातले शरद तोंडवळकर त्याच्या गाडीच्या टायरकडे बघायचे, आणि तेही मागच्या. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीत एवढी बिऱ्हाडं, पण नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. ‘ते एकशे पंच्याऐंशीवाले कुलकर्णी’, ‘ते दोनशे पाचवाले म्हात्रे’ अशी त्यांची ओळखपाळख. टायरच्या अंगावर त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, हे ज्ञान मला त्यांच्यामुळे झालं. मी ते मागितलं नव्हतं. आमच्या घरची गाडी एकशे पासष्टवाली. त्यामुळे आमच्या ह्यांच्याशी बोलताना शरदरावांच्या आवाजात जरा दया असायची, घरात कुणाचं तरी दुखणं चालू असल्यासारखी.

ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. दुसऱ्यांच्या मालात खोट काढायचा पगार आयुष्यभर मिळाला, आणि ती सवय संध्याकाळी फुकटात घरी यायची. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला माप घ्यायचं व्हर्निअर. एकदा त्यांनी पोळीची जाडी मोजली. पोळ्यांना येणाऱ्या बाईंनी लाटणं तिथेच ठेवलं आणि म्हणाल्या, “साहेब, ते चिमटं परत माझ्या पोळीला लागलं ना, तर उद्यापासून तुम्हीच लाटा.” त्यानंतर पोळी सुटली. बाकी काही सुटलं नाही.

त्यांच्या गाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते इतक्यांदा घेतलंय की माझ्या वाट्याचंसुद्धा संपलं. जुनी जर्मन, जुहूच्या कुणा हौशी माणसाने वापरून सोडलेली, गडद निळी, जमिनीला पोट लावून बसणारी. तिची सगळी ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. हे सांगताना शरदराव आवाज खाली आणायचे. आता ही ताकद वापरायची कुठे, तर मानपाडा रोडवर. तिथे त्यांनी तिसरा गिअर टाकलेला मी तरी कधी पाहिला नाही. पुढे रिक्षा, बाजूला रिक्षा, मधूनच भाजीची हातगाडी, आणि या सगळ्यांच्या मागे ही निळी बया घुरघुरत उभी. एकदा मी स्टेशनकडे चालत निघालेले, तेव्हा त्यांनी काच खाली करून विचारलं, “वहिनी, सोडू का?” मी म्हटलं, “नको हो, मला घाई आहे.”

“वहिनी, पुढचं चाक नुसतं वळतं,” हे त्यांचं लाडकं वाक्य. “गाडी चालवतं ते मागचं.”

“घरातही तसंच आहे का?” मी एकदा त्यांच्या बायकोकडे, मीनलकडे बघून विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, “घराला अ‍ॅक्सल नसतो.”

अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

तर या गाडीला मागचे टायर कंपनीकडूनच दोनशे पंचावन्नचे होते. पुढच्यापेक्षा रुंद. कुणाही शहाण्या माणसाला पुरले असते. शरदरावांना हवे होते दोनशे पंच्याऐंशीचे. फरक तीस मिलिमीटरचा, म्हणजे माझ्या दोन बोटांचा. या दोन बोटांसाठी त्या घराच्या दोन दिवाळ्या गेल्या. टायर रुंद म्हणजे रिमही रुंद, आणि रिम रुंद म्हणजे ती आत किती जाईल आणि बाहेर किती येईल, हा प्रश्न. आत गेली तर सस्पेन्शनला लागणार, बाहेर आली तर वरच्या पत्र्याच्या कमानीला घासणार. हे सगळं त्यांनी मला माझ्याच टेबलावर, माझ्याच कुकरचं झाकण आणि परात घेऊन समजावलं. शेवटी परात पडली, तिला पोचा आला. ते म्हणाले, “बघितलंत? क्लिअरन्स कमी पडला.” परातीचा पोचा अजून आहे.

त्यांचा गुरू कोलशेतला होता. हितेश नावाचा. काचेचं थंडगार दुकान, भिंतीवर देवाच्या फोटोंसारख्या ओळीने लावलेल्या रिमा, आल्या आल्या कॉफी. हितेशला टायरमधलं किती कळत होतं ते देव जाणे, पण माणसांमधलं पुरेपूर कळत होतं. “साहेब, आगे से तो सब देखते हैं,” तो म्हणायचा, “पीछे से देखा ना, तो आदमी समझ जाएगा आप कौन हो.” शरदराव हे वाक्य घरी घेऊन आले आणि मीनलला ऐकवलं. मीनल म्हणाली, “मी पंचवीस वर्षं सगळीकडून बघतेय, मला नाही समजलं.”

त्यांची एकुलती एक मुलगी ऋचा. लहानपणी बापाची मदतनीस तीच. ते गाडीखाली शिरायचे आणि ही टॉर्च धरून उकिडवी बसायची. डास चावले तरी हलायची नाही. बापावर जीव होता पोरीचा. मोठी झाली, ठाण्याला नोकरीला लागली, तिथेच कौस्तुभ नावाचा कोपरीचा मुलगा तिने पसंत केला. तो पहिल्यांदा घरी आला त्या दिवशी मीनलने मला भज्यांना हाताशी बोलावलेलं. शरदराव त्याला आणायला खाली गेले ते गेलेच. भजी गार व्हायला लागली. शेवटी गॅलरीतून पाहिलं तर जावई पार्किंगमध्ये हात बांधून उभा, आणि सासरे त्याच्या छोट्या गाडीच्या मागे उकिडवे.

“एकशे पंचावन्न?” शरदराव विचारत होते.

“मायलेज चांगलं देते, काका.”

यावर शरदराव जे गप्प झाले ते भजी संपेपर्यंत. मुलगा गेल्यावर त्यांनी निकाल दिला, “पोरगा सज्जन आहे. ग्रिप नाही.” ऋचा हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

लग्न ठरलं, कोपरीतला हॉल ठरला. आणि शरदरावांनी जाहीर केलं की लेकीला हॉलवर ते स्वतः घेऊन जाणार, याच गाडीतून, नव्या चाकांवर. लग्नाच्या आधी दोनशे पंच्याऐंशी बसलेच पाहिजेत. मीनल म्हणाली, मिनीबस सांगितलीय सगळ्यांना, त्यातच जाऊ. ते म्हणाले, “नवरीमुलगी मिनीबसने? माझी मुलगी?” खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. माणसाला प्रेम दाखवायची एकच भाषा येत असेल तर त्याने त्याच भाषेत बोलावं ना.

ऋचा मात्र त्या दिवशी हसली नाही. त्यांच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “पप्पा, मला गाडी कुठलीही चालेल. मला एकच हवंय. कन्यादानाला आईच्या शेजारी तुम्ही पाहिजेत. फोन नको, टायर नको, हितेश नको. फक्त तुम्ही.”

“अगं म्हणजे काय? मी नाही बसणार तर कोण बसणार?”

“तेच सांगतेय. प्रॉमिस करा.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रॉमिस केलं. दुसऱ्या हातात व्हर्निअर होतं, पण प्रॉमिस केलं.

आता मापाची गोष्ट. हितेशने नव्या रिमा टायरसकट नुसत्या घालून बघायला दिल्या होत्या. चाक कमानीला घासेल का, हे बघायला परदेशात म्हणे चिकणमाती वापरतात. कमानीच्या आतून मातीचा थर लावायचा, गाडी फिरवायची आणि टायरने माती खरवडली का ते पाहायचं. नुकतेच गणपती झालेले. सोसायटीतल्या मुलांनी शाडूच्या मूर्ती केल्या होत्या, त्याची उरलेली माती क्लबहाउसमध्ये बादलीत पडलेली. शरदरावांनी ती बादली उचलली आणि दोन्ही कमानींच्या आत शाडू थापला, अगदी मन लावून. कमिटीतले कुणीतरी म्हणाले, “अहो, देवाची माती आहे ती.” तर म्हणाले, “मग चांगलंच आहे, खोटं माप दाखवणार नाही.”

ते गाडी गेटातून बाहेर काढत होते आणि तेवढ्यात मीनल बाजारातून आली. दोन्ही हातांत पिशव्या, ऊन हे असं रणरणतं. तिने दार उघडलं आणि बसायला गेली.

“अगं उतर, उतर! माप बिघडेल!”

ती उतरली. गाडी बैलगाडीच्या वेगाने इमारतीला फेरी मारतेय आणि तिच्या मागून मीनल पिशव्या घेऊन चालतेय, हे दृश्य आमच्या अख्ख्या विंगने गॅलरीतून पाहिलं. फेरी संपली. माती जशी थापली तशीच. शरदरावांनी मला खाली बोलावून दाखवली. “बघा वहिनी, बोटभर जागा! वर आणखी गाडी जरा खाली बसवली तरी घासणार नाही.”

मीनल पिशव्या खाली ठेवत म्हणाली, “आणि आत माणसं बसल्यावर?”

“माणसं सीटवर बसतात, मीनल. चाकावर नाही.”

जन्मभर क्वालिटीत काढलेल्या माणसाचं हे वाक्य! मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण चार माणसं बसल्यावर रिक्षासुद्धा खाली दबते हे मी रोज बघते. मी तसं म्हटलंही. त्यांनी माझ्याकडे एकशे पासष्टवाल्या नजरेने पाहिलं.

चाकं बसली ती लग्नाच्या अगदी तोंडावर. घरात केळवणाच्या पंगती, हॉलवाल्याचे फोन, आणि बाप कोलशेतला. संध्याकाळी गाडी आली. खरं सांगायचं तर मागून दिसत होती दांडगी. मग चाकांची पूजा. आपल्याकडे चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात, चार चाकांना चार लिंबं. शरदरावांनी पुढच्या चाकांना साधी लिंबं आणली आणि मागच्यांना दोन ईडलिंबं. टायर रुंद, म्हणून लिंबूही मोठं! पूजेला आलेले गुरुजी आ वासून बघत राहिले. गाडी पुढे घेतली तर एक ईडलिंबू फुटलं आणि दुसरं निसटून वॉचमनच्या खुर्चीखाली गेलं. फुटलेल्याचा रस नव्या रिमेवर उडाला, तो शरदराव मऊ फडक्याने पुसत बसले. वर ऋचाच्या हाताला मेंदी लागत होती. तिने एकदा गॅलरीतून विचारलं, “पप्पा, बघायला येताय ना?” ते म्हणाले, “आलोच.” मेंदी वाळली तरी ते खालीच होते.

लग्नाच्या सकाळी पाहुणे मिनीबसने पुढे गेले. निळ्या गाडीत शरदराव, शेजारी मीनल, मागे मधोमध मुंडावळ्या बांधलेली ऋचा, तिच्या एका बाजूला कुडाळहून आलेली शरदरावांची आत्या आणि दुसऱ्या बाजूला मांडीवर लाडवांचं तबक घेऊन मी. आत्या हाडापेराने मोठी बाई. डिकीत रुखवताचं सामान, पितळी समया, भांडी, नारळ. म्हणजे मुलीच्या लग्नाला जाताना कुठल्याही मराठी घराच्या गाडीत जे जे असतं ते सगळं. शरदराव रेशमी कुर्त्यात, फेटा बांधलेला, एवढे खुशीत की त्यांनी आरशात बघून ऋचाला डोळा मारला.

गेटाबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून आवाज आला. खर्रर्र.

“शरदा, काय वाजला रे?” आत्या म्हणाली.

“काही नाही. नवीन टायर आहेत, बसतायत.”

पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. कल्याण-शीळ रोडवर खड्डे काही शोधावे लागत नाहीत. प्रत्येक खड्ड्याला खर्रर्र, आणि प्रत्येक खर्रर्रला शरदरावांची मान खांद्यात जायची. थोड्या वेळाने म्हणाले, “आत्या, तू जरा पुढे सरकून बस.”

“पुढे खय सरकू? तुझ्या डोक्यार बसू?”

मग जळक्या रबराचा वास आला. ऋचा म्हणाली, “पप्पा, गाडी बाजूला घ्या.” शिळफाट्याच्या थोडं अलीकडे त्यांनी ती घेतली. खाली उतरून पाहिलं तर कमानीच्या पत्र्याची कड टायरच्या खांद्यात विळीसारखी फिरलेली. रबर सोलून आतल्या तारा दिसत होत्या. आम्ही बसलो आणि मागचं अंग दबलं, एवढीच काय ती भानगड. त्यांनी सगळं मोजलं होतं, फक्त घरची माणसं सोडून. जुन्या मापाची स्टेपनी? ती वजन नको म्हणून घरीच ठेवलेली.

शीळ रोडच्या कडेला मुंडावळ्या बांधलेली नवरी उभी, वजन कमी करायला डिकीतून काढलेल्या समया कठड्यावर, आणि ट्रकवाले हॉर्न वाजवत, मान काढून बघत चाललेले. शरदराव रेशमी कुर्त्यातच रस्त्यावर गुडघे टेकून चाकात डोकं घालून बसले. आणि ऋचाने काय करावं? सरळ हात दाखवून रिक्षा थांबवली. ठाण्याचं नाव ऐकून रिक्षावाला आधी नको म्हणत होता, मग तिच्या मुंडावळ्या बघून तयार झाला.

“तीन मागे, एक पुढे माझ्या बाजूला,” तो म्हणाला. “पाचवी सीट नाही घेणार.”

आम्ही माणसं पाच. आत्याला रस्त्यावर सोडणं शक्य नव्हतं, मीनल आई. राहिली ती ड्रायव्हरशेजारची सीट. मी लगेच म्हटलं, “शरदराव, तुम्ही बसा. मी थांबते गाडीपाशी. येईन मागून.”

“पप्पा, चला,” ऋचा म्हणाली. “मुहूर्त जाईल.”

शरदराव उभे राहिले. हात काळे, कुर्त्याच्या गुडघ्यांवर धूळ. त्यांनी रिक्षाकडे पाहिलं, मग गाडीकडे. “अगं, पण टोइंगवाला आला तर हुक लावून पुढून उचलेल. मागचा अ‍ॅक्सल जाईल. हिला फ्लॅटबेडच लागतो, अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. वहिनींना ते सांगता येणार नाही. हितेश पाठवतोय, निघालाच असेल.”

“पप्पा, कन्यादान आहे.”

“पाच मिनिटांत येतो ना मी मागून. तुम्ही व्हा पुढे. वहिनी, बसा तुम्ही.”

ऋचा त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही ओरडेल, रडेल. तिने फक्त मान हलवली आणि शालू सावरून आत सरकली. मला त्या क्षणी त्या माणसाचा असा संताप आला की वाटलं, हे लाडवांचं तबक त्या निळ्या टपावर आपटावं. पण मी बसले, पैठणी नेसून, रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर. वाटेत मीनलने त्यांना फोन लावला. “निघालात का?” पलीकडून “पाच मिनिटं” एवढं मलाही ऐकू आलं. तिने पुन्हा फोन लावला नाही.

हॉलवर गुरुजींनी जमेल तेवढं लांबवलं. एक मंत्र दोनदा म्हटला, मधेच पाणी प्यायले. मग म्हणाले, आता नाही थांबता येणार. शरदरावांचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको पाटावर बसली. मीनल बाजूला उभी राहिली, हात जोडून. ऋचाच्या ओंजळीवर पाणी सोडलं ते काकाने.

शरदराव आले तेव्हा पंगती उठायला लागल्या होत्या. नंतर कळलं, फ्लॅटबेड आधी कोलशेतला गेला, गाडी नीट उतरवून घेतली, आणि मग ते रिक्षाने आले. फेटा सुटलेला, हात अजून काळेच. दारातच मी दिसले. म्हणाले, “वहिनी, रिम वाचली. नशीब.” मग त्यांची नजर रिकाम्या पाटांवर गेली.

स्टेजवर नवरा-नवरी उभे होते. भेटायला आलेल्यांची रांग थेट खुर्च्यांपर्यंत आलेली, कुणाच्या हातात पाकीट, कुणाच्या हातात पुष्पगुच्छ. मला वाटलं ते सरळ वर जातील, मुलीला जवळ घेतील, रडतील, काहीतरी करतील. ते गेले आणि त्या रांगेच्या शेवटी उभे राहिले. कुणी त्यांना पुढे ओढलं नाही. मीनल समोरून पाहत होती, तीही उठली नाही. रांग एकेक माणसाने पुढे सरकत राहिली आणि तेही सरकत राहिले, हात मागे लपवून.

वर पोचले तेव्हा कौस्तुभ वाकला, ऋचा वाकली. फोटोग्राफर मुलाकडचा, त्याला काय माहीत. म्हणाला, “काका, थोडं साइडला या, पुढचे पाहुणे येऊ द्या.” शरदराव बाजूला सरकले. ऋचाने सकाळपासून सगळ्यांना दिलं तसंच हसू त्यांना दिलं.

“जेवल्याशिवाय जाऊ नका हं,” ती म्हणाली.

“हो, हो,” शरदराव म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरले.